हात आत, तर चावी खिशात : दुरुस्तीआधी मशीनची सगळी ऊर्जा तोडायची कशी

आमच्या भागात विहिरीवर मोटार असलेल्या माणसाला 'ऑटो' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रात्री दोनला थ्री फेज येते, शेतकरी घरी झोपेत असतो आणि मोटार आपसूक चालू होऊन पाणी दांडाला लागतं. त्यामुळे मोटारीची पुली किंवा फूटव्हॉल्व्ह खोलायचा असेल तर तो आधी ऑटो काढतो, मेन स्विच पाडतो, किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात घालतो आणि मगच विहिरीत उतरतो. हाच माणूस सकाळी जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या मिलमध्ये, कामाला येतो. लाईट जाते, रोलरमध्ये कापूस अडकलेला असतो, कुणीतरी म्हणतं, "लाईट गेली ना, घाल की हात." आणि तो घालतो. शेतात जे कळतं ते शेडमध्ये का विसरतं, हे मला पंचवीस वर्षांत उमगलेलं नाही.

मी फिटर. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हेल्पर म्हणून लागलो, नंतर साखर कारखान्यांचे ऑफ सीझन केले, पुढे वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला. वाळूज-शेंद्र्याच्या मोठ्या कारखान्यांत भिंतीवर लाल कुलपांचा बोर्ड असतो, त्याला 'लॉकआउट-टॅगआउट' किंवा नुसतं 'लोटो' म्हणतात, त्याचं ट्रेनिंगही होतं. मानवत-सेलूची जिनिंग, लातूरची दालमिल, जालन्याची छोटी रोलिंग मिल इथं मात्र पंधरा-वीस माणसं, एक वायरमन आणि मालक हाच मॅनेजर असा कारभार असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मोठ्यांकडे पुस्तकं आहेत.

कशाला 'बंद' म्हणायचं नाही

पुश बटन दाबून मशीन थांबलं, ते बंद नव्हे. लाल छत्रीचं इमर्जन्सी बटन दाबलं, तेही नव्हे. ही बटनं काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलचा पुरवठा तोडतात, एवढंच त्यांचं काम. काँटॅक्टरच्या वरच्या बाजूला 415 व्होल्ट तसेच उभे असतात. काँटॅक्टरचे पॉइंट चिकटले, पॅनलमध्ये उंदरानं वायर कुरतडली, रुईची धूळ आणि ओल मिळून कंट्रोल वायरिंगमध्ये गळती झाली, की मशीन कुणी हात न लावता फिरू शकतं. जिनिंगच्या पॅनलमधले उंदीर ज्यानं पाहिलेत तो यावर हसणार नाही.

लाईट गेली म्हणजेही बंद नव्हे. पुश बटनाचा साधा स्टार्टर असेल तर लाईट गेल्यावर स्टार्टर धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल पडते आणि लाईट आल्यावर मशीन आपोआप उठत नाही, हे खरं. पण फिरवायचा सिलेक्टर स्विच असेल आणि तो 'चालू'वरच राहिला असेल, तर लाईट आली की मोटार उठलीच. कॉम्प्रेसरचं तर रोजचंच आहे. टाकीत दाब भरला की प्रेशर स्विच मोटार थांबवतो. बघणाऱ्याला वाटतं, बंद आहे. कुणीतरी बेल्ट ताणायला बोटं घालतो, दाब जरा उतरतो आणि कॉम्प्रेसर आपलं काम करायला लागतो. फ्लोट स्विचवरच्या पाण्याच्या पंपाचाही हाच धोका.

आणि आपल्याकडची सगळ्यात लाडकी पद्धत: "तू पॅनलपाशी थांब, कुणाला चालू करू देऊ नको." तो थांबतोही. मग त्याला मुकादम हाक मारतो, किंवा चहा येतो. जिवंत माणसाला कुलूप समजू नये. त्याला पाय असतात.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 24 मध्ये अशी तरतूद होती की, वीज तोडणारं साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर सरकू शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी. त्याच कायद्याचं कलम 22 चालू मशीनजवळच्या तपासणीबद्दल होतं. खास प्रशिक्षण घेतलेला प्रौढ पुरुष कामगारच ते करू शकत होता, अंगात घट्ट कपडे आणि त्याचं नाव रजिस्टरला असणं सक्तीचं होतं. गळ्यात उपरणं, कमरेला गमछा घेऊन फिरत्या पुलीपाशी जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, रोलरला त्याचं काही नसतं.

पहिलं काम मशीनपाशी नाही, कागदावर

दुरुस्ती निघायच्या कितीतरी आधी, निवांत दिवशी, एक वही घ्या आणि एकेका मशीनभोवती फिरा. सोबत वायरमन आणि त्या मशीनचा जुना ऑपरेटर हवा. प्रश्न एकच विचारायचा: हे मशीन हलवणारं, तापवणारं, दाबणारं, पाडणारं काय काय आहे आणि ते कुठून तोडता येतं? जेवढी उत्तरं मिळतील तेवढ्या ओळी लिहायच्या. वीज ही त्यातली एक ओळ. बहुतेक लोक तिथंच वही मिटतात, म्हणून बाकीच्या ओळी इथं जरा विस्तारानं सांगतो.

आधी विजेचीच गोष्ट पुरी करू, कारण ती दिसते तेवढी सरळ नसते. एका मशीनला दोन फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन लाइनी, असू शकतात: मोटारीचा एका पॅनलवरून आणि कंट्रोलचा 230 व्होल्टचा पुरवठा दुसरीकडून. मेन पाडल्यावरही पॅनलमधला एखादा दिवा लुकलुकत असेल तर समजायचं, दुसरा बाप कुठंतरी आहे. जनरेटरला ऑटो चेंजओव्हर असेल तर लाईट गेल्यावर काही सेकंदांत तो स्वतः उठतो आणि तुम्ही 'मेलेली' समजलेली पॅनलमधली बसबार (वीज वाटणारी पट्टी) जिवंत होते. खुद्द जनरेटरवर काम असेल तर त्याला ऑटोवरून काढा आणि बॅटरीची वायर सोडवा. छतावर सोलर असेल तर ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर थांबतो, पण सोलर पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर ऊन असेपर्यंत जिवंतच राहते. आपल्याकडे ऊन कधी संपतं ते सांगायला नको.

स्विच पाडल्यावरही वीज साठून राहते. पॉवर फॅक्टरसाठी बसवलेल्या कपॅसिटर पॅनलला आणि मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हला हा नियम लागतो. 415 व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत साधारण 580-590 व्होल्ट डीसी साठलेला असतो. तो उतरायला किती मिनिटं लागतात ते ड्राइव्हच्या झाकणावर छापलेलं असतं, बहुधा पाच ते पंधराच्या दरम्यान. तेवढा वेळ घड्याळ लावून थांबायचं आणि नंतरही मीटरनं बघायचं. कपॅसिटरचं डिस्चार्ज रेझिस्टर जळालेलं असलं तर तास गेला तरी चार्ज राहू शकतो.

आता हवा. कॉम्प्रेसरची हवा लोकांना खेळण्यासारखी वाटते, कपडे झटकायला वापरतात (तेही करू नका). 100 मिलिमीटर बोअरचा सिलिंडर 6 बारवर किती जोरानं ढकलतो याचा हिशोब करा. जोर जवळजवळ 480 किलोचा भरतो. रुईची एक गाठ 170 किलोची, म्हणजे पावणेतीन गाठी एकदम अंगावर. मेन व्हॉल्व्ह बंद केला तरी व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीत आणि सिलिंडरमध्ये दाब राहतो. तो बाहेर सोडल्याशिवाय लाइन तुटली असं म्हणता येत नाही.

हायड्रॉलिक त्याहून वाईट, कारण ते आवाज करत नाही. प्रेसिंगमधली रॅम, म्हणजे गाठ दाबणारा दांडा, वर थांबलेली असते तेव्हा तिला धरून ठेवलेलं असतं ते फक्त तेलानं. पंप बंद आहे, शांतता आहे, आणि फिटर खाली जाऊन पाइपचा नट सैल करतो. तेल मोकळं झालं की रॅम खाली. ॲक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारी टाकी) असेल तर त्यातला नायट्रोजन पंप बंद असतानाही तेलाला ढकलत राहतो. आणखी एक: पाइपला सुईएवढं छिद्र पडलं असेल तर ते हातानं चाचपून शोधू नका. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडायला लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून छिद्र शोधा. तेल टोचलंय असं नुसतं वाटलं तरी दुखायची वाट न बघता लगेच सर्जनकडे जा.

वजन, म्हणजे गुरुत्वाकर्षण, कुठल्याही पॅनलवर लिहिलेलं नसतं. दालमिलचा बकेट एलिव्हेटर भरलेला असताना थांबला तर एका बाजूच्या सगळ्या बादल्या तुरीनं भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या असतात. बेल्ट किंवा चेन सोडवली, उलटं फिरू न देणारं कुत्रं झिजलेलं असलं, की भरलेली बाजू घसरत येते आणि वरची पुली हात घेऊन उलटी फिरते. बैलगाडी चढावर थांबवली की चाकाखाली दगड लावतोच ना आपण? तसाच इथं अडसर लावायचा. रॅम, झाकण, हॉपर, जे काही वर आहे ते एकतर पूर्ण खाली आणा, नाहीतर खाली लोखंडी स्टँड किंवा पिन लावा. जॅक उचलायला असतो. तो उचललेलं तासन्‌तास धरून ठेवील असं गृहीत धरून त्याच्या भरवशावर खाली झोपू नका.

गती ही सुद्धा साठवणच. कापूस ओढणारा मोठा पंखा बटन बंद केल्यावर बराच वेळ गरगरत राहतो. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमधला ऊस कुटणारा फायब्रायझर आणि साखरेची सेंट्रिफ्युगल मशिनं तर त्याहून जड. फिरणं थांबलंय हे कानानं नको, डोळ्यानं बघा. आणि दोन पंखे एकाच डक्टवर असतील तर एकाची हवा दुसऱ्या बंद पंख्याचं पातं फिरवते. म्हणून शाफ्टला अडसर हवा.

वाफेचं थोडक्यात. जुना व्हॉल्व्ह 'पास' होतो, म्हणजे बंद असूनही आतून गळतो, हे प्रत्येक बॉयलर अटेंडंटला माहीत असतं, म्हणून एका व्हॉल्व्हवर विसंबून फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) खोलायचा नाही. दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला ड्रेन उघडा ठेवा, किंवा फ्लँजमध्ये ब्लाइंड प्लेट (बिनभोकाची प्लेट) टाका. पाइपमधलं गरम पाणी आणि इव्हॅपोरेटर धुण्याचं कॉस्टिक याच ओळीत लिहा. मळीच्या टाकीत किंवा सरकीच्या खोल खड्ड्यात उतरायचं असेल तर तो विषय वेगळा आणि मोठा आहे. टाकीच्या तोंडाशी उभं राहून आतला वायू मीटरनं तपासल्याशिवाय, वर दोर धरणारा माणूस असल्याशिवाय उतरू नका आणि आत पडलेल्याला काढायला तसंच मागोमाग उडी मारू नका.

ही यादी एका पानाची झाली की ती प्लॅस्टिकमध्ये घालून त्या मशीनच्या पॅनलला लावा. कुठला स्विच, कुठला व्हॉल्व्ह, कुठली पिन, किती मिनिटं थांबायचं, सगळं त्यावर. पुढची पायरी याच कागदावरून चालते.

सामान काय लागतं

कुलपं. प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्या माणसाला स्वतःची, आणि चावी फक्त त्याच्याकडे. दुकानातून कुलूप आणलं की दोन-तीन चाव्या येतात. जास्तीच्या चाव्या मालकाच्या तिजोरीत लिफाफ्यात सीलबंद करून ठेवा, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये नको. कुलपांना लाल रंग द्या आणि ती गोदामाला, सायकलला, डब्याला लावायची नाहीत असा दंडक घाला. लाल कुलूप दिसलं म्हणजे आत माणूस आहे, एवढा एकच अर्थ सगळ्यांच्या डोक्यात बसला पाहिजे.

दुसरं, हॅस्प: कात्रीसारखा पत्रा, ज्यात पाच-सहा कुलपं अडकतात. स्विचला एक भोक असतं, माणसं चार असतात, म्हणून हा लागतो. तिसरं, टॅग. त्यावर नाव, फोटो, मोबाइल, तारीख, वेळ, काम. परप्रांतातून आलेले कामगार असतील तर मराठीसोबत हिंदीही लिहा आणि हाताच्या पंजाचं चित्र काढा, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. नुसता टॅग पुरत नाही. टॅग हा निरोप आहे, अडसर नव्हे. वाऱ्यानं उडतो, धुळीनं झाकतो.

चौथं, चांगला मल्टिमीटर, कॅट-थ्री (मीटरवर छापलेली सुरक्षेची श्रेणी) किंवा त्याहून वरच्या रेटिंगचा. खिशातला नियॉनचा टेस्टर घरातल्या बोर्डापुरता ठीक. तो लागला नाही म्हणजे वीज नाही, हे त्याच्या भरवशावर ठरवू नका.

जुन्या पॅनलला कुलूप लावायला भोकच नसतं, ही तक्रार मी शंभरदा ऐकली आहे. स्विच-फ्यूज युनिटच्या हँडलला बहुधा भोक असतं, फक्त रंगानं बुजलेलं असतं, नीट बघा. एमसीबीला बाहेरून बसवायची क्लिप मिळते. एमसीसीबीला रोटरी हँडल बसवता येतं. यातलं काहीच जमलं नाही तर वायरमननं फ्यूज काढून पेटीत कुलूपबंद करावेत, पॅनलच्या दाराला कुलूप घालावं, आणि शक्य असेल तर त्या मोटारीची केबल स्टार्टरवरून सोडवून टोकं झाकावीत. यात वेळ जातो. जाऊ द्या. ट्रान्सफॉर्मरचा डीओ, म्हणजे वरचा ड्रॉप-आउट फ्यूज, पाडणं हा तुमचा पर्याय नाही. 11 केव्हीचं काम महावितरणचं परमिट घेऊन, ज्याला अधिकार आहे त्यानंच करायचं.

प्रत्यक्ष दिवस: क्रम मोडायचा नाही

समजा जिनचा रोलर ग्रूव्हिंगला, म्हणजे खाचा पाडायला, काढायचा आहे. आधी सांगा. ऑपरेटरला, शेजारच्या मशीनवाल्याला, वरच्या कन्व्हेयरवरून कापूस सोडणाऱ्याला, मुकादमाला आणि मालकाला. मालकाला सांगणं विसरू नका. सगळे जेवायला गेलेले असताना शेडमध्ये येऊन 'का थांबलंय' म्हणत बटन दाबणारा माणूस बहुधा तोच असतो.

मग मशीन नेहमीच्या पद्धतीनं थांबवा. आधी वरून येणारा कापूस बंद, आतला कापूस आणि सरकी निघून जाऊ द्या, मग मोटार. भरल्या पोटी थांबवलेलं मशीन मोकळं करताना जास्त हात घालावे लागतात.

आता यादी हातात घेऊन एकेक ऊर्जा तोडा. मोटारीचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच), कापूस आत ढकलणाऱ्या ऑटोफीडरचा, खालच्या सरकीच्या स्क्रू कन्व्हेयरचा, हवेचा व्हॉल्व्ह. स्क्रू कन्व्हेयर वेगळ्या पॅनलवर असतो म्हणून तो हमखास राहून जातो आणि पाय तिथंच जातात. आयसोलेटर लोडवर ओढू नका. मोटार थांबल्यावर ओढा, बाजूला उभे राहून, तोंड वळवून.

जे तोडलं त्या प्रत्येकाला हॅस्प, कुलूप, टॅग. जो जो आत हात घालणार आहे तो तो आपलं कुलूप स्वतः लावतो. वायरमननं फिटरच्या वतीनं नाही, फिटरनं हेल्परच्या वतीनं नाही. हेल्पर पोरगा असतो, नवा असतो, "मामा, तुमचं लावलंय ना, मग माझं कशाला?" म्हणतो. त्याला सांगायचं: माझं काम आधी संपलं तर मी माझं कुलूप काढून जाईन, तेव्हा तुझा हात आत असेल. कुलूप लावलं की चावी पँटच्या खिशात. पॅनलवर लटकवायची नाही, सुपरवायझरकडे द्यायची नाही.

तोडायच्या जागा दहा-बारा असतील तर प्रत्येकाला दहा-बारा कुलपं कुठून आणायची? तेव्हा सगळ्या जागा एका माणसानं वेगळ्या कुलपांनी बंद कराव्यात, त्या साऱ्या चाव्या एका लोखंडी पेटीत टाकाव्यात आणि पेटीच्या हॅस्पला प्रत्येकानं आपापलं एक कुलूप लावावं. शेवटचा माणूस कुलूप काढत नाही तोवर पेटी उघडत नाही. ऑफ सीझनला मिल हाऊसमध्ये चाळीस-चाळीस माणसं असतात तेव्हा हाच एक उपाय चालतो.

कुलपानंतर साठलेलं सोडा: हवा बाहेर, तेलाचा दाब टाकीत, रॅम खाली किंवा स्टँडवर, रोलरवर दाब देणारी यंत्रणा, वजनाची असो की स्प्रिंगची, सैल, कपॅसिटर-ड्राइव्हची मिनिटं पूर्ण. हवेचा आणि तेलाचा ड्रेन काम संपेपर्यंत उघडाच ठेवा, म्हणजे पास होणाऱ्या व्हॉल्व्हमधून दाब पुन्हा भरणार नाही.

तपासा, कारण पॅनलवरचं नाव खोटं असू शकतं

ही पायरी लोक गाळतात, आणि मी जिवंत आहे तो या पायरीमुळे. एका मिलमध्ये (गावाचं नाव राहू द्या) चार नंबरच्या जिनवर काम होतं. पॅनलवर स्वच्छ अक्षरात '4' लिहिलेलं. मी स्विच पाडला, कुलूप घातलं, चावी खिशात. मशीनपाशी येऊन सवयीनं स्टार्टचं बटन दाबलं आणि जिन धडधडत उठलं. आदल्या हंगामात मोटार जळाली तेव्हा कुणीतरी घाईत केबल पाच नंबरच्या फीडरवर टाकली होती आणि आकडा बदलायचं राहिलं होतं. मी कुलूप घातलेल्या स्विचवर मशीनच नव्हतं. बटन न दाबता हात घातला असता आणि पलीकडच्या शिफ्टवाल्यानं पाच नंबर चालू केला असता तर हा लेख लिहायला माझा उजवा हात नसता.

तर तपासणी दोन प्रकारांनी. पहिली, सुरू करून बघणं: सगळी माणसं बाजूला घ्या, लोकल बटन दाबा, काही हलत नाही ना बघा. मग बटन-सिलेक्टर पुन्हा 'बंद'वर आणा. हे विसरलात तर शेवटी लाईट देताच मशीन उठेल. मात्र एखादं इंटरलॉक (सुरक्षेसाठी मशीन अडवून धरणारी जोडणी) किंवा दाराचा स्विच उघडा असला तरी मशीन उठत नाही, त्यामुळे नुसत्या बटनावर थांबू नका.

दुसरी, मीटर. हे वायरमननं करायचं, रबरी हातमोजे घालून. आधी मीटर एखाद्या जिवंत जागी लावून तो दाखवतो का ते बघा. मग मशीनच्या टर्मिनलवर तिन्ही फेज आपसांत: आर-वाय, वाय-बी, बी-आर, मग प्रत्येक फेज न्यूट्रलशी, मग प्रत्येक फेज अर्थिंगशी. नऊ रीडिंग, सगळी शून्य. मग पुन्हा मीटर जिवंत जागी लावा. मधल्या काळात मीटरचा फ्यूज उडाला असेल किंवा लीड तुटली असेल तर तोही शून्यच दाखवतो, म्हणून हे शेवटचं बघणं. ड्राइव्ह असेल तर डीसीवरही मोजा. प्रेशर गेजचंही असंच: काटा शून्यावर आहे की शून्यावर अडकलाय, हे ड्रेन उघडल्याशिवाय कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये, हंगाम संपल्यावर, पत्र्याच्या शेडखाली बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत हे सगळं करताना जीव कंटाळतो. घामानं चष्मा घसरतो, हातमोजे नकोसे वाटतात. कुलपाचं आणि मीटरचं काम सकाळी सातला उरकून घ्या, दुपारी दोनला नको.

काम लांबलं, शिफ्ट बदलली, मध्येच फिरवून बघायचं असलं

शिफ्ट बदलताना येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, जाणाऱ्याचं नंतर निघतं. दोघांनी मशीनपाशी उभं राहून, काय खोललंय, काय स्टँडवर आहे ते दाखवून. 'चिठ्ठी ठेवलीय' चालत नाही.

बेल्टची लाइन बघायला, बेअरिंगचा आवाज ऐकायला मशीन मध्येच क्षणभर चालवावं लागतं. इथं लोक फार घसरतात. नियम असा: हत्यारं बाहेर, माणसं बाहेर, मोजणी, सगळ्यांनी आपापली कुलपं काढायची, चालवून बघायचं, बंद करायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून कुलूप, साठवण सोडणं, तपासणी. "आत्ताच तर केलं होतं" हे वाक्य ऐकलं की मी काम थांबवतो.

बाहेरून वेल्डर किंवा क्रेनवाला आणला असेल तर त्याच्याही हातात लाल कुलूप द्या. तो दोन तासांसाठी आलाय, त्याला तुमचं पॅनल माहीत नाही. आणि वेल्डिंग असेल तर आसपासची रुई झाडून, पाण्याच्या बादल्या आणि फायर एक्स्टिंग्विशर ठेवून मगच. काम झाल्यावरही तास-दीड तास कुणीतरी तिथं फिरत राहा. रुई आत धुमसते.

कुलूपवाला घरी निघून गेला तर

होतंच. माणूस चावी खिशात घेऊन गावाकडच्या एसटीत बसतो, इकडं मशीन तयार. हातोडा उचलू नका. आधी त्याला फोन. फोन लागला नाही म्हणून गप्प बसायचं नाही. तो आवारात नाही हे गेटवर, संडासात, शेडच्या मागं, मशीनच्या आत बघून पक्कं करा. तो काय करत होता ते त्याच्या जोडीदाराकडून समजून घ्या, मशीन स्वतः तपासा. मग मालकानं किंवा शिफ्ट इंचार्जनं, एका साक्षीदारासमोर, रजिस्टरला लिहून तिजोरीतली चावी काढावी. आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला हात लावायच्या आधी त्याला सांगावं की तुझं कुलूप काढलंय. हे शेवटचं राहिलं तर तो आपलं कुलूप अजून तिथंच आहे असं समजून थेट आत हात घालतो.

परत चालू करताना

गार्ड बसवले का? पाने-हातोडे मोजून परत आले का? अडसर, पिन, स्टँड, ब्लाइंड प्लेट काढली का? ड्रेन बंद झाले का? लावताना यादीवर टिक केलेली असते, तीच यादी उलट्या क्रमानं वाचा. मग नावानं हजेरी घ्या, मुंडकी मोजून भागत नाही, कारण एखादा नवाच येऊन उभा असतो आणि आकडा बरोबर येतो. प्रत्येकानं आपलं कुलूप आपण काढायचं. सगळी कुलपं बोर्डावर परत आली की वायरमन आयसोलेटर टाकेल, हवा हळूहळू सोडायची, वाफेचा व्हॉल्व्ह तर पाव-पाव फिरवत. भोंगा द्यायचा, दहा आकडे मोजायचे, आणि बटन ऑपरेटरनं दाबायचं. पहिली दोन मिनिटं जिन रिकामंच फिरू द्या, कापूस नंतर.